ओबामाकेअरची लढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दिवाळीला साताऱ्याच्या मामांचा फोन येतो आणि फराळाची चौकशी संपली की गाडी हमखास एकाच स्टेशनावर थांबते. "काय रे, तुमच्याकडे साधा हात मोडला तरी घर विकावं लागतं म्हणे?" न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मंडळींचे प्रश्न वेगळे असतात: नोकरी गेली तर काय, आई-बाबा येणार आहेत त्यांचं काय. या सगळ्यांना तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. २००९ पासून ओबामाकेअरचं, म्हणजे अध्यक्ष ओबामांनी आणलेल्या आरोग्यविमा कायद्याचं, भांडण बघत आलेला आणि दर महिन्याला प्रीमियम भरणारा माणूस आहे.

अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीलाच का चिकटलेला आहे?

अपघातानं. दुसऱ्या महायुद्धात महागाई आवरायला सरकारनं पगारवाढीवर बंधनं घातली. माणसं तर हवी होती, मग कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, कारण तो पगारात धरला जात नव्हता. १९५४ च्या करकायद्यानं त्यावर शिक्का मारला: मालकानं भरलेल्या प्रीमियमवर कर नाही. युद्धकाळातली पळवाट ही अशी देशाची व्यवस्था होऊन बसली.

मग १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. उरले ते मधले: टॅक्सीवाला, छोटा दुकानदार, स्वतःचं काम करणारा, आणि मुख्य म्हणजे आधीपासून आजारी असलेला. वैयक्तिक पॉलिसी मागायला गेलं की बहुतेक राज्यांत कंपनी तुमचा इतिहास विचारायची. मधुमेह, दमा, जुना कॅन्सर असं काही निघालं की नकार, नाहीतर आवाक्याबाहेरचा हप्ता. २०१० च्या सुमाराला जवळपास पाच कोटी लोक विम्याविना होते.

मामांसाठी एक खुलासा. १९८६ च्या कायद्यानुसार हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला पैसे नाहीत म्हणून गंभीर रुग्णाला दारातून परतवता येत नाही. उपचार आधी होतात, बिल नंतर येतं. घर विकायची पाळी आलीच तर ती त्या बिलामुळे.

ओबामांच्या आधी कुणी प्रयत्नच केले नव्हते का?

केले आणि हात पोळून घेतले. हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, त्यावर 'समाजवादी वैद्यक' असा शिक्का मारून तो गाडला. शीतयुद्धाच्या त्या काळात हा शिक्का पुरेसा होता. वीस वर्षांनी लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली ती मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं. १९७४ मध्ये निक्सन यांची योजना आली. ते रिपब्लिकन होते, आणि त्यांची योजना पुढे ओबामांनी आणली तिच्यापेक्षा फारशी उजवीकडची नव्हती. पण वॉटरगेटच्या घोटाळ्यात तेच बुडाले, योजनेचं काय घेऊन बसलात!

१९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी हे काम पत्नी हिलरी यांच्याकडे सोपवलं. बंद दाराआड मोठा आराखडा तयार झाला आणि काँग्रेससमोर, म्हणजे हाऊस (कनिष्ठ) आणि सिनेट (वरिष्ठ) अशी दोन सभागृहं असलेल्या इथल्या संसदेसमोर, ठेवला गेला. विमा कंपन्यांच्या संघटनेनं टीव्हीवर हॅरी आणि लुईस नावाचं एक मध्यमवर्गीय जोडपं आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते बिलं चाळत चाळत काळजीनं बोलायचं. १९९४ च्या सप्टेंबरपर्यंत योजना मेली. नोव्हेंबरात डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं गमावली.

ओबामांनी यातून दोन धडे घेतले. मसुदा आपण लिहायचा नाही, काँग्रेसला लिहू द्यायचा. आणि हॅरी-लुईसच्या मालकांसारख्या बड्यांना आधीच आपल्या बाजूला घ्यायचं. औषध कंपन्यांशी २००९ च्या जूनमध्येच सौदा झाला: दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरचा भार त्या उचलणार, बदल्यात सरकार त्यांच्या किमतींना फारसा हात लावणार नाही. पुढे डॉक्टरांच्या संघटनेनंही पाठिंबा दिला. दोन्ही धडे शहाणपणाचे होते. आणि पुढच्या दुखण्यांची मुळं शोधायला गेलं तर बरीचशी याच दोन धड्यांत सापडतात.

ओबामाकेअर वेगळं आणि अफोर्डेबल केअर अॅक्ट वेगळा का?

नाही, एकच. पहिलं नाव विरोधकांनी हिणवायला ठेवलं होतं, ओबामांनी ते मिरवायला घेतलं. आजही पाहणीत नाव बदलून विचारलं की उत्तर बदलणारे लोक भेटतात.

कायद्यात आहे तरी काय?

तिवई डोळ्यांसमोर आणा. पहिला पाय: आधीचा आजार आहे म्हणून कंपनीनं नाही म्हणायचं नाही, जास्त हप्ताही लावायचा नाही. पण एवढंच केलं तर लोक आजारी पडेपर्यंत थांबतील आणि आजारी पडल्यावर पॉलिसी घेतील. घर पेटल्यावर विमा काढण्यातलाच प्रकार. म्हणून दुसरा पाय, मँडेट: सगळ्यांनी विमा घ्यायचा, नाही घेतला तर दंड. दंड पुढे वाढत वाढत प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा झाला. पण सक्ती करायची तर परवडायलाही हवं, म्हणून तिसरा पाय: उत्पन्नानुसार सबसिडी, आणि अगदी कमी उत्पन्नवाल्यांना मेडिकेड.

बाकी तपशील बरेच आहेत. सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलं आई-वडिलांच्या पॉलिसीवर राहू शकतात. कंपनीनं एका माणसासाठी आयुष्यभरात द्यायच्या पैशांवरची कमाल मर्यादा गेली. पन्नास किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकांवर विमा देण्याची जबाबदारी आली. विमा कंपनीला गोळा केलेल्या हप्त्यांतले किमान ८० टक्के, मोठ्या गटांच्या पॉलिसींत ८५ टक्के, उपचारांवर खर्च करावे लागतात, नाहीतर फरक ग्राहकांना परत द्यावा लागतो. आणि हो, पैसे उभे करायला कातडी रापवून घेण्याच्या टॅनिंग सलूनवर १० टक्के कर बसला. आपल्याकडे गोरेपणाची क्रीम खपते, इथे पैसे मोजून सावळं होतात आणि त्यावर कर भरतात.

मँडेटची कल्पना मुळात रिपब्लिकन गोटातली होती म्हणतात, ते खरं का?

खरं. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेनं १९८९ मध्ये ती मांडली. तर्क सरळ होता: विमा न घेता फिरणारा माणूस इमर्जन्सीत आला की त्याचा खर्च दुसऱ्यांवर पडतो, तेव्हा प्रत्येकानं आपली जबाबदारी उचलावी. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती प्रत्यक्षात आणली. सहीच्या समारंभात त्यांच्या शेजारी त्याच राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी होते.

आता दुसरी बाजू. २००८ च्या पक्षांतर्गत लढतीत हिलरी क्लिंटन मँडेट हवं म्हणत होत्या आणि ओबामा विरोध करत होते. निवडून आल्यावर आकडेमोड पाहून ते वळले. रिपब्लिकन पक्ष त्याच सुमाराला उलटीकडे वळला आणि हीच कल्पना त्याला स्वातंत्र्यावरचा घाला वाटू लागली. दोघांनी जागा बदलल्या आणि दोघंही आपण पूर्वीपासून इथेच बसलो होतो अशा थाटात बोलू लागले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

डेमोक्रॅट्सचं दोन्ही सभागृहांत बहुमत होतं, तरी एवढं अडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे लोकसभेत बहुमत असलं की व्हिप निघतो, आणि तो मोडणाऱ्याची खासदारकी पक्षांतरबंदी कायद्याखाली जाऊ शकते. अमेरिकेत तसा कायदा नाही. प्रत्येक सिनेटर आपापल्या राज्याचा सुभेदार. त्यातून सिनेटमध्ये फिलिबस्टर नावाची प्रथा आहे: चर्चा संपवून मतदान घ्यायचं तर १०० पैकी ६० मतं लागतात. ५१ असून भागत नाही.

ही ६० मतं डेमोक्रॅट्सनी अक्षरशः एकेक करून जमवली. एप्रिल २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर रिपब्लिकन पक्ष सोडून आले. मिनेसोटात अल फ्रँकन अवघ्या ३१२ मतांनी जिंकले होते. फेरमोजणी आणि कोर्टकचेऱ्या उरकून ते जुलैत शपथ घ्यायला पोचले. ५८ डेमोक्रॅट आणि दोन अपक्ष, बरोबर साठ. पण साठ असण्यातली मेख अशी की प्रत्येक जण साठावा असतो. कुणीही एकानं मान हलवली की खेळ संपला.

आधी काही महिने तर रिपब्लिकन मतं मिळतील या आशेत गेले. वित्त समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन असा सहा जणांचा गट घेऊन उन्हाळाभर बैठका घेत राहिले. निष्पन्न काही झालं नाही. माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. २५ ऑगस्टला टेड केनेडी मेंदूच्या कॅन्सरनं गेले. या विषयासाठी त्यांनी राजकीय आयुष्य वेचलं होतं. त्यांच्या जागी सप्टेंबरअखेर तात्पुरते सिनेटर आले तेव्हा साठ पुन्हा भरले.

मग बाजार भरला. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांनी आपल्या राज्याच्या मेडिकेड विस्ताराचा खर्च केंद्रानंच कायम उचलावा अशी तरतूद पदरात पाडून घेतली. लुइझियानाच्या मेरी लँड्र्यू यांनी राज्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलर मिळवले. वर्तमानपत्रांनी दोन्ही सौद्यांची टवाळ नावं ठेवली आणि लोकांच्या लक्षात कायद्यातल्या कलमांपेक्षा ती नावंच राहिली.

२४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, पहाटेची थंडी आणि साचलेला बर्फ अशा वेळी सिनेट भरलं. ९२ वर्षांचे रॉबर्ट बर्ड व्हीलचेअरवरून आले. नाव पुकारल्यावर हे मत माझे मित्र टेड केनेडी यांच्यासाठी, असं म्हणून त्यांनी होकार दिला. ६० विरुद्ध ३९.

'पब्लिक ऑप्शन'चं काय झालं?

खासगी कंपन्यांच्या जोडीला सरकारची एक पॉलिसी बाजारात ठेवायची, म्हणजे स्पर्धेपोटी तरी हप्ते उतरतील, अशी ती कल्पना. हाऊसच्या मसुद्यात ती होती. सिनेटमध्ये कनेक्टिकटचे अपक्ष जो लीबरमन अडून बसले. विमा कंपन्यांचं माहेरघर मानलं जाणारं हार्टफर्ड हे त्याच राज्यात आहे, एवढं सांगून थांबतो. तडजोड म्हणून पंचावन्न वर्षांच्या पुढच्यांना मेडिकेअर विकत घेऊ द्यावं असं निघालं, त्यालाही त्यांनी नाही म्हटलं. साठावं मत! दोन्ही गेलं.

'डेथ पॅनल' खरंच होती का?

नव्हती. होतं ते असं: हाऊसच्या मसुद्यात एक साधं कलम होतं. वृद्ध रुग्णाला आपल्या शेवटच्या दिवसांबद्दल, म्हणजे व्हेंटिलेटर हवा की नको, निर्णय कुणी घ्यायचे याबद्दल, डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्या भेटीची फी मेडिकेअरनं द्यावी. दर पाच वर्षांनी एकदा, तेही ऐच्छिक. ७ ऑगस्ट २००९ ला २००८ मधल्या रिपब्लिकन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं की आपल्या आई-वडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या बाळाला ओबामांच्या 'डेथ पॅनल'पुढे, म्हणजे कुणाला उपचार द्यायचे हे ठरवणाऱ्या सरकारी मंडळापुढे, उभं राहावं लागेल. पुढच्या आठवड्यात देश दुसरं काही बोलत नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये खासदार आपापल्या मतदारसंघांत सभा घेत होते. लोक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. काही सभांना पोलीस बोलवावे लागले. दक्षिण कॅरोलायनात एका वयस्क गृहस्थांनी आपल्या खासदाराला बजावलं की सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर सरकारचीच योजना आहे हे त्यांना पटवता पटेना. या किश्शावर तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या माणसाला नीट कळलं होतं की आपल्याकडे काहीतरी आहे आणि दुसऱ्यांना देताना ते कमी होऊ शकतं. कायद्याचा बराचसा पैसा खरोखरच मेडिकेअरच्या खर्चवाढीला लगाम घालून उभा राहणार होता. भीती खोट्या शब्दाला चिकटली होती, पण ती अगदी हवेतून आलेली नव्हती.

कलम घाबरून वगळण्यात आलं. २०१६ पासून मेडिकेअर अशा भेटींची फी देऊ लागलं, एका प्रशासकीय नियमानं, गाजावाजा न करता.

मॅसॅच्युसेट्सच्या एका पोटनिवडणुकीचा एवढा बोलबाला का?

केनेडींच्या जागेसाठी १९ जानेवारी २०१० ला मतदान झालं आणि जुनी पिकअप गाडी घेऊन फिरणारे रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन जिंकले. केनेडींच्या राज्यात, केनेडींच्या खुर्चीवर, केनेडींच्या कायद्याला विरोध करणारा माणूस. साठाचे एकोणसाठ झाले.

तोपर्यंत हाऊसचा मसुदा वेगळा होता आणि सिनेटचा वेगळा. दोन्ही मिळून एक नीटस मसुदा करायचा आणि तो पुन्हा मंजूर करायचा असा बेत होता. सिनेटमध्ये पुन्हा मतदान आता शक्यच नव्हतं. मग सभापती नॅन्सी पेलोसी यांनी मार्ग काढला: सिनेटचा मसुदा हाऊसनं स्वल्पविरामासकट आहे तसा मान्य करायचा आणि पैशांशी संबंधित दुरुस्त्या 'रिकन्सिलिएशन' नावाच्या अर्थसंकल्पी पद्धतीनं करायच्या, तिथे ५१ मतं पुरतात. नेब्रास्काची ती खास सवलत अशीच काढून टाकली गेली.

याचा अर्थ काय झाला बघा. शेवटचा हात फिरवण्याआधीचा कच्चा मसुदाच देशाचा कायदा बनला. वैयक्तिक पॉलिसी विकत घ्यायला या कायद्यानं सरकारी देखरेखीखालचे बाजार आणले होते. एका ठिकाणी सबसिडी 'राज्यानं स्थापन केलेल्या' बाजारातून घेतलेल्या विम्याला मिळेल असं लिहिलेलं राहिलं. बऱ्याच राज्यांनी असा बाजार उभारलाच नाही, तिथे केंद्र सरकारनं तो चालवला. मग तिथल्या लोकांना सबसिडी नाही का? मूळ इंग्रजीतल्या या चार शब्दांवरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि लाखोंचा विमा २०१५ च्या जूनपर्यंत टांगणीला लागला. ६ विरुद्ध ३ नं न्यायालयानं कायदा वाचवला. एवढ्या खटपटीनं जमवलेली साठावी वीट ऐनवेळी निखळली त्याची ही किंमत.

शेवटचा अडथळा गर्भपाताचा होता. मिशिगनचे बार्ट स्टुपॅक आणि त्यांच्यासोबतचे काही डेमोक्रॅट अडून होते. केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरला जाणार नाही असा अध्यक्षीय आदेश ओबामांनी कबूल केला तेव्हा ते वळले. २१ मार्च २०१०, रविवारची रात्र, २१९ विरुद्ध २१२. ३४ डेमोक्रॅट विरोधात, रिपब्लिकन एकही बाजूनं नाही. २३ मार्चला ओबामांनी २२ पेनं वापरून सही केली, म्हणजे आठवण म्हणून वाटायला तेवढी पेनं झाली.

न वाचताच कायदा मंजूर केला म्हणतात ना?

पेलोसी एका भाषणात म्हणाल्या की कायद्यात काय आहे हे तुम्हाला कळायला आधी तो मंजूर करावा लागेल. वादाचं धुकं बाजूला झाल्यावर कळेल, असं त्याच वाक्यात पुढे होतं, पण ते कुणी ऐकलं नाही. राजकारणात अर्धं वाक्य पुरतं. मसुदा हजारो पानांचा होता आणि विरोधक त्याचा गठ्ठा टेबलावर मांडून फोटो काढून घेत होते. पण समित्यांत आणि सभागृहांत त्यावर वर्षभर खल झाला होता. चोरून आणलेला कायदा म्हणणं बरोबर नाही.

गंमत वेगळीच आहे. कराचं विधेयक हाऊसमध्येच सुरू व्हावं लागतं असं घटना सांगते. म्हणून सिनेटनं हाऊसकडून आलेलं, सैनिक वगैरेंना घरखरेदीत करसवलत देणारं एक विधेयक घेतलं, आतला मजकूर काढून टाकला आणि त्या रिकाम्या खोक्यात आरोग्यविमा भरला.

सर्वोच्च न्यायालयानं काय ठरवलं?

२८ जून २०१२. २६ राज्यांचं म्हणणं होतं की नागरिकाला एखादी वस्तू विकत घ्यायला लावायचा अधिकार काँग्रेसला नाही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी हे मान्य केलं आणि तरीही कायदा वाचवला. सक्ती म्हणून चालणार नाही, पण दंड हा एक कर आहे असं मानलं तर चालेल, कारण कर लावायचा अधिकार आहेच. ५ विरुद्ध ४. हा कर नाही असं ओबामा स्वतः टीव्हीवर ठासून सांगत होते, आणि कायदा टिकला तो कर म्हणूनच. निकालाची पहिली पानं वाचून सीएनएन आणि फॉक्सनं मँडेट रद्द झाल्याची बातमी दिली आणि काही मिनिटांत ती गिळली.

त्याच निकालातला दुसरा भाग जास्त लोकांच्या आयुष्याला भिडला. मेडिकेड वाढवणं राज्यांवर सक्तीचं करता येणार नाही असं ठरलं. खर्चातला सिंहाचा वाटा केंद्र देत असूनही टेक्सास आणि फ्लोरिडासह दहा राज्यांनी आजही ते स्वीकारलेलं नाही. लुइझियानात बॉबी जिंदाल यांनी नाकारलं, त्यांच्या नंतरच्या गव्हर्नरनी २०१६ मध्ये घेतलं. माणूस तोच, आजार तोच, नदीच्या अलीकडे विमा आहे आणि पलीकडे नाही.

वेबसाइट कोसळली होती ती कधी?

बाजारातली पॉलिसी विकत घ्यायची केंद्राची वेबसाइट, १ ऑक्टोबर २०१३ ला. पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा हजार नव्हे, सहा. रिपब्लिकनांनी त्याच दिवशी या कायद्यावरून खर्चाची मंजुरी अडवून सरकारी कामकाज बंद पाडलं नसतं तर बातम्यांत फक्त वेबसाइटच दिसली असती. शत्रूनंच पांघरूण घातलं म्हणायचं.

त्याच शरद ऋतूत लाखो लोकांना जुन्या पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. 'तुमची पॉलिसी तुम्हाला आवडत असेल तर ती ठेवता येईल' असं ओबामा वर्षानुवर्षं सांगत होते. ते खरं नव्हतं, आणि ते सांगणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं. पेलिनबाईंच्या शब्दाला खोटं म्हणायचं तर यालाही म्हणायला हवं.

मग ट्रम्प यांच्या काळात कायदा रद्द का झाला नाही?

कारण तोवर लोकांच्या हातात विमा पडला होता. ओबामा असताना हाऊसनं पन्नासहून जास्त वेळा रद्द करण्याच्या बाजूनं किंवा त्याला कात्री लावायला मतदान केलं. ते फुकटचं होतं, नकाराधिकार वापरायला ओबामा बसलेच होते. २०१७ मध्ये बंदुकीत खरी गोळी आली आणि हात थरथरू लागले. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयानं पहिल्या मसुद्याबद्दल सांगितलं की २०२६ पर्यंत विमा नसणारे २.४ कोटींनी वाढतील. या खेपेला सभांमध्ये ओरडणारे लोक दुसऱ्या बाजूचे होते.

हाऊसनं मे महिन्यात कसंबसं २१७ विरुद्ध २१३ नं विधेयक पुढे ढकललं. सिनेटमध्ये शेवटी एक छाटलेला मसुदा आला आणि २८ जुलैला मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झालं. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन बाई आधीपासून विरोधात होत्या. त्या रात्रीच्या कौतुकात त्यांची नावं मागे पडतात, ते बरोबर नाही. तिसरं मत जॉन मॅकेन यांचं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि मेंदूचा कॅन्सर निघाला होता, केनेडींना झाला होता तोच आजार. उपाध्यक्ष पेन्स त्यांची मनधरणी करून थकले होते. मॅकेन सभागृहात आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली वळवला. ४९ विरुद्ध ५१. ओबामाकेअर त्यांना आवडत होतं असं मुळीच नाही. तो रद्द करण्याच्या घोषणेवर तेही मतं मागून आले होते. समित्यांना डावलून, रातोरात, एकाच पक्षाच्या मतांवर असा कायदा करू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

डिसेंबरमध्ये करकपातीच्या कायद्यात मँडेटचा दंड २०१९ पासून शून्य केला गेला. तिवईचा एक पाय कापला, आता ती पडणार असं सगळे म्हणत होते. मीसुद्धा. पडली नाही. सबसिडीचा पाय आमच्या अंदाजापेक्षा जाड निघाला. दंडच शून्य तर कर कसला आणि कर नाही तर कायदा घटनाबाह्य, असा नवा खटला टेक्सासनं घातला, तो २०२१ मध्ये ७ विरुद्ध २ नं फेटाळला गेला.

सध्या भांडण कशावर आहे?

सबसिडीवर. २०२१ मध्ये कोविडच्या मदत कायद्यानं ती वाढवली, पुढे २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. बाजारातून विमा घेणारे २०२५ मध्ये २.४ कोटींवर गेले. वाढीव सबसिडी चालू ठेवा म्हणून डेमोक्रॅट्स अडून बसले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकार बंद राहिलं, तोवरचं सगळ्यात लांब. २०१३ मध्ये कायदा थांबवायला सरकार बंद पाडलं होतं, २०२५ मध्ये तो जपायला. सबसिडी ३१ डिसेंबरला संपलीच. मध्यमवर्गीय स्वयंरोजगारवाल्यांना याचा चटका मोठा आहे. शिवाय ४ जुलै २०२५ च्या कायद्यानं विस्तारित मेडिकेडवरच्या बहुतेक धडधाकट प्रौढांना २०२७ पासून महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काही केल्याचं दाखवावं लागणार आहे. काम न करणाऱ्यांपेक्षा कागद न भरणारे जास्त गळतील असा माझा अंदाज.

सगळ्यांना एकच सरकारी विमा का नाही करत?

डावीकडचे सिनेटर बर्नी सँडर्स तेच म्हणतात. आपले बेळगावचे श्री ठाणेदार, आता डेट्रॉइटचे खासदार, यांनीही २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक लढतीत हाच मुद्दा घेतला होता. अडचण वर सांगितलेलीच: साठ मतं आणा. शिवाय कोट्यवधी लोकांचा नोकरीतला विमा ठीकठाक आहे, तो त्यांच्या हातून काढून घेणार कोण?

एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, नोकरी गेली तर विम्याचं काय?

नवी नोकरी शोधायला व्हिसा देतो ती साठ दिवसांची मुदत आणि विमा ही दोन वेगळी घड्याळं आहेत, गोंधळ करू नका. जुनी पॉलिसी 'कोब्रा' कायद्याखाली साधारण १८ महिने चालू ठेवता येते, पण मालकाचा हिस्सा आणि वर दोन टक्के तुम्हालाच भरावे लागतात. आकडा बघून छातीत कळ येते. दुसरा मार्ग बाजारातली पॉलिसी: विमा गेल्यापासून साठ दिवसांत अर्ज करा, नाहीतर नोव्हेंबरची वाट पाहा. एच-१बी वाल्यांना सबसिडी मिळू शकत होती, २०२७ पासून ती बंद होते आहे. ग्रीनकार्डवाल्यांची चालू राहील.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांना ओबामाकेअर घेता येईल का?

पर्यटक व्हिसावर नाही. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स घ्यायचा, आणि 'आधीचा आजार' ही भानगड तिथे पूर्वीसारखीच शाबूत आहे, कारण या पॉलिसींना ओबामाकेअरचे नियम लागू नाहीत. स्वस्तातली 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम देते, बिल कितीही येवो. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग असते पण कामाला येते. ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असेल तर 'अक्यूट ऑनसेट' (जुनं दुखणं अचानक उफाळणं) हे शब्द पॉलिसीत शोधा आणि वयाची अट वाचा. सत्तरीनंतर हे संरक्षण बऱ्याचदा खूप आक्रसतं.

ग्रीनकार्ड घेऊन आले असतील तर गोष्ट वेगळी: बाजारातली पॉलिसी लगेच घेता येते. पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकतही घेता येतं. इथे दहा वर्षं कर भरून काम केलेलं नसेल तर हॉस्पिटलच्या भागाचाही हप्ता पडतो.

आमचे बाबा आले होते तेव्हा मी स्वस्तातली घेतली. बाथरूममध्ये घसरले, मनगट मोडलं, इमर्जन्सीत चार तास. पॉलिसीनं दिले त्याच्या कितीतरी पट मी हप्त्याहप्त्यानं फेडले. मामांच्या कानावर 'हात मोडला तर घर विकतात' हे कुठून आलं असेल, ते मला पक्कं ठाऊक आहे.